भूपातला गंधार आणि पाच व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हच्या काचेवर पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच टकटक करायची आणि स्पीकरमधून काय येतं ते ऐकायचं. चांगल्या व्हॉल्व्हमधून नुसता बसका 'टप' येतो आणि विरतो. वाईट व्हॉल्व्ह पितळी वाटीसारखा वाजतो आणि ती किणकिण दोन-तीन सेकंद रेंगाळते. आतल्या ग्रिडची तार केसाहून बारीक असते. ती किंवा तिला धरणारा अभ्रकाचा तुकडा जरा सैल झाला, की काचेला लागलेला धक्का थेट आवाजात उतरतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे खपून जातं. रेकॉर्ड प्लेअरच्या मागच्या फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये नाही, कारण तिथे येणारा सिग्नलच मुळात इवलासा असतो.

इवलासा म्हणजे किती? माझ्या प्लेअरवर ऑर्टोफॉनचं २एम ब्लू कार्ट्रिज आहे. त्यातून सुमारे ५.५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे एका व्होल्टचा जेमतेम दोनशेवा भाग. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला असतो आणि वरचे स्वर वाढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटांनी खाचा एकमेकींत घुसल्या असत्या. १९५४ पासून चालत आलेल्या आरआयएए नियमाप्रमाणे प्रीअ‍ॅम्पने हे उलटं करून द्यायचं असतं. ५० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सातपट उचलायचा. घरातल्या विजेची घूंऽऽ सुद्धा नेमकी ५० हर्ट्झचीच असते, त्यामुळे तीही तितकीच उचलली जाते. व्हॉल्व्ह निवडताना मी आधी ही घूं आणि सळसळ ऐकतो, गोडव्याची गोष्ट नंतर.

माझा प्रीअ‍ॅम्प घरीच जोडलेला आहे. त्यात दोन सॉकेट, दोन्हींत १२एएक्स७, ज्याला युरोपात ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन ट्रायोड, एक डाव्या बाजूचा आणि एक उजव्या. पहिला व्हॉल्व्ह सिग्नल उचलतो, मधल्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जाळ्यात आरआयएएची दुरुस्ती होते आणि दुसरा व्हॉल्व्ह तो पुन्हा वर काढतो. आत अडीचशे व्होल्ट खेळत असतात. म्हणून व्हॉल्व्ह बदलताना स्विच बंद, प्लग बाहेर, मग पाच मिनिटं थांबायचं. कपॅसिटर रिकामे होतात आणि काचही हात लावण्याइतकी निवते.

गेल्या पावसाळ्यात आवाज कोरडा वाटू लागला. चूक अशी काही नव्हती, पण किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाच्या रेकॉर्डवर, 'सहेला रे'च्या बाजूला, वरच्या सप्तकात गेल्यावर 'स' आणि 'श' टोचायचे. ऊबदार आवाजाचे व्हॉल्व्ह शोधायला मी बाहेर पडलो. पुण्यात हा शोध तपकीर गल्लीत सुरू होतो आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात संपतो. जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर, गंजलेले पाने आणि रेडिओच्या मुठी यांच्यामध्ये, मला गणेशोत्सवात वाजणाऱ्या एका जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा सांगाडा मिळाला. त्यातून एक ईसीसी८३ निघाला, काचेवर 'बीईएल' अशी अक्षरं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली होती. एके काळी घरोघरच्या रेडिओत जे पेटायचे, त्यांच्याच कुळातला हा.

बाकीचे तीन असे: स्लोव्हाकियात आजही बनणारा जेजेचा ईसीसी८३एस, रशियात सारातोव्हला बनणारा टंग-सोल आणि ५७५१ हा अमेरिकन प्रकार. टंग-सोल हे मूळचं अमेरिकन नाव, आज ते रशियन काचेवर छापलं जातं. मलार्डचंही तेच झालं आहे. म्हणून छापील नावाकडे मी शेवटी पाहतो. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या खऱ्या मलार्डवर काचेच्या तळाशी फिकट राखाडी रंगात दोन ओळींचा कोड कोरलेला असतो. दुसऱ्या ओळीतलं पहिलं अक्षर 'बी', मग सालाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर. टेलिफुंकनच्या तळाशी पिनांच्या मधोमध काचेतच उठवलेला चौकटीसारखा शंकरपाळा असतो. एकदा मी हे न बघता नुसत्या नावावर पैसे मोजले. घरी आल्यावर दिव्याखाली धरलं तर कोडाचा पत्ताच नव्हता आणि नाव अंगठ्याने पुसलं गेलं.

काचेच्या माथ्यावर आतून आरशासारखा चंदेरी लेप असतो, त्याला गेटर म्हणतात. तो बेरियमचा, आत उरलेली हवा शोषून घेणारा. लेप दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. कडेने तपकिरी होऊन विरळ झाला असेल तर बरंच आयुष्य सरलेलं असू शकतं. माझ्या बीईएलचा लेप विरळ होता. तरी मी तो पहिल्या सॉकेटमध्ये घातला, वीस मिनिटं तापू दिला आणि रेकॉर्ड लावली.

आवाज गोड होता. टोचणारे 'स' गेले, डग्ग्याचा घुमारा वाढला, गाणं जवळ आलं. जे शोधत होतो ते ऐंशी रुपयांत सापडलं, असं मला त्या रात्री मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी मावशीला बोलावलं. मावशी चाळीस वर्षं गाणं शिकवते. मिरजेहून आणलेला तिचा तंबोरा आमच्याकडेच कोपऱ्यात, खोळीत असतो. व्हॉल्व्हमधलं तिला काही कळत नाही आणि म्हणूनच ती मला हवी होती. कुठला व्हॉल्व्ह लावलाय ते तिला सांगायचं नाही, असं ठरवलं. आवाज मात्र दर वेळी तंतोतंत सारखा ठेवायचा. टेस्ट रेकॉर्डवरचा १००० हर्ट्झचा स्वर लावायचा, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर धरायचा आणि आकडा जुळेपर्यंत आवाजाचं बटण फिरवायचं. हे टाळलं तर सगळी परीक्षा वाया. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच भरदार आणि ऊबदार वाटतो. ५७५१ मुळातच कमी उचलतो, त्याचा गुणक ७० आणि १२एएक्स७चा १००. माझ्या सर्किटमध्ये तो सुमारे ३ डेसिबलनी मागे पडतो. मोजून भरून काढलं नाही तर बिचारा ऐकण्याआधीच हरतो.

पहिला बीईएल. मावशी डोळे मिटून बसली. किशोरीताईंचा षड्ज लागायच्या आधी काही क्षण नुसता तंबोरा आहे, तिथेच ती म्हणाली, "थांबव. याची जवारी गेलीय."

"रेकॉर्डची?"

"रेकॉर्डचीच असेल, मला काय माहीत. पण तंबोरा नुसता घुमतोय, बोलत नाहीये. गंधार कुठाय?"

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात. दोरा बरोबर जागी आला की तार घोडीला किंचित शिवत कंप पावते आणि एका स्वरातून अनेक स्वर फुलतात. दुपटीवर वरचा षड्ज, तिपटीवर त्याच्या वरचा पंचम, चौपटीवर पुन्हा षड्ज, पाचपटीवर गंधार. षड्जाच्या तारेत कुणी न लावता उमटणारा हाच तो स्वयंभू गंधार. आणि भूपाचा तर वादी स्वरच गंधार. मावशी नेमकी तीच जागा ऐकत होती. आदल्या रात्री मी ऐकत होतो डग्गा.

मी पुन्हा ऐकलं. तिचं खरं होतं. वरच्या पट्ट्या मऊ झाल्या नव्हत्या, झाकल्या गेल्या होत्या. झिजलेल्या व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध वाढतो. माझ्या सर्किटमध्ये तोच रोध आरआयएएच्या जाळ्याच्या तोंडाशी बसतो, त्यामुळे दुरुस्तीचं गणितच ढळतं. वरचे स्वर थोडे जास्त दबतात, खर्ज थोडा जास्त उरतो. अर्ध्या डेसिबलच्या घरातला हा फरक, पण तो सगळ्या सप्तकांवर पसरलेला असल्याने कानाला लगेच जाणवतो. वर त्या व्हॉल्व्हची सळसळ तंबोऱ्याच्या बारीक स्वरांवर पांघरूण घालत होती. मी ज्याला ऊब म्हणत होतो ती एका दमलेल्या व्हॉल्व्हची थकावट होती.

टंग-सोल लावला. तंबोरा लख्ख झाला, गंधार परत आला. मावशीने मान हलवली, मग वरच्या सप्तकात गेल्यावर कपाळाला आठी पडली. "भोपळा कुठे गेला? नुसत्या तारा ऐकू येतायत." जेजेच्या वेळी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाजाला अंग आहे. पण 'स' अजून बोचतोच." आणि ५७५१ला, "हा सौम्य आहे. बोचत नाही आणि झाकतही नाही. फक्त जरा लांबून आल्यासारखा."

व्हॉल्व्हच्या गोडव्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, की तो आवाजात दुपटीचा स्वर मिसळतो, म्हणजे षड्जात वरचा षड्ज, आणि तो कानाला गोडच लागणार. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ताणून वाजवला तर हे खरंच ऐकू येतं. पण फोनो प्रीअ‍ॅम्पमध्ये काही मिलिव्होल्टच्या सिग्नलला तो व्हॉल्व्ह इतका ऐसपैस पडतो, की ही भेसळ अगदी नगण्य राहते. ५७५१च्या सौम्यपणाचं कारण मला दुसरीकडे शोधावं लागलं.

ते सापडलं कार्ट्रिजच्या तारेवर. कार्ट्रिज म्हणजे एक वेटोळं आणि त्याच्यापुढे जितकी कपॅसिटी येते तिच्याशी मिळून ते आठ-दहा हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार करतं. 'स' आणि 'श' नेमके याच पट्ट्यात राहतात. निर्मात्याने २एम ब्लूला १५० ते ३०० पिकोफॅरड सांगितले आहेत. माझी केबल दीडशेच्या आसपासची, आत मीच लावलेला ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर, आणि तिसरा वाटेकरी खुद्द व्हॉल्व्ह. ग्रिड आणि प्लेट यांच्यामधली कपॅसिटी फक्त १.७ पिकोफॅरड, पण व्हॉल्व्ह सिग्नल साठपट उचलतो म्हणून ती कार्ट्रिजला साठपट मोठी भासते. १२एएक्स७च्या बाबतीत हे शंभराच्या वर जातं. बेरीज तीनशेच्या पार. ५७५१ कमी उचलतो, त्यामुळे त्याचा वाटा चाळीसेक पिकोफॅरडने कमी भरतो आणि उंचवटा आपोआप बसतो. मावशीला जो सौम्यपणा ऐकू आला तो इथला असावा.

मग मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, जेजे पुन्हा पहिल्या सॉकेटमध्ये घातला आणि दोन्ही बाजूंचे ४७ पिकोफॅरडचे कपॅसिटर काढून टाकले. मटारच्या दाण्याएवढे दोन कपॅसिटर. 'स' निवळला. तंबोऱ्याचा गंधार जागच्या जागी.

दुसऱ्या सॉकेटचा प्रश्न उरला होता. आमच्या पेठेत एक काका आहेत, पन्नास वर्षं रेडिओ दुरुस्त करतात. त्यांना बीईएलची हकीकत सांगितली तर ते आत गेले आणि एक पुठ्ठ्याची डबी घेऊन आले. "हा कधी पेटलेलाच नाही. तुम्ही म्हाताऱ्याला पळायला लावलंत, जरा तरण्यालाही लावून बघा." त्याच कारखान्याचा, त्याच क्रमांकाचा, न वापरलेला व्हॉल्व्ह. गेटरचा लेप आरशासारखा. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पेन्सिल लावली तर हा थोडा किणकिणला, म्हणून पहिल्या सॉकेटचा विचार सोडला. दुसऱ्या सॉकेटपाशी सिग्नल पोहोचतो तेव्हा पहिल्या व्हॉल्व्हने साठपट उचललेलं असलं तरी आरआयएएच्या जाळ्याने त्यातलं बरंच खाल्लेलं असतं. तरीही तो पाच-सहा पट मोठा असतो. तेवढ्याने ती किणकिण खाली बुडते. दोन दिवस तो नुसता पेटता ठेवला, काहीही न वाजवता. पहिल्या तासात मध्येमध्ये चटचट येत होती, ती थांबली. मग नाट्यपदांची एक मोनो रेकॉर्ड लावली. काचेतले दोन ट्रायोड सारखे नसतील तर मोनो रेकॉर्डवरचा गायक मधोमध उभा न राहता एका बाजूला सरकतो. हा मधोमध उभा राहिला.

रविवारी मावशी आली. पहिल्या बीईएलशी तुलना करायची म्हणून मी तोही पुसून हाताशी ठेवला होता, पण तशी वेळ आली नाही. भूप लावला. खर्ज बसका नव्हता, डग्गा आपल्या जागी, आणि तंबोऱ्याच्या चार तारांमागे भोपळा आहे हे ऐकू येत होतं. मावशीने आलाप थोडा पुढे जाऊ दिला.

"पुन्हा पहिल्यापासून लाव," ती म्हणाली.

मी सुई उचलली. ती उठून कोपऱ्यात गेली, तंबोऱ्याची खोळ काढली, मांडी घालून बसली आणि रेकॉर्डवरच्या षड्जाशी तारा जुळवायला लागली. जोडीच्या तारा लागल्यावर तिने घोडीवरचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला, कान तुंब्याजवळ नेला, पुन्हा केसभर मागे घेतला. मग मला सुई ठेवायची खूण केली.