चर्चिल : लंडनचा आणि पुण्याचा

आमच्या मारुंजीतल्या सोसायटीत राहणारी दहावीतली एक मुलगी काही दिवसांपूर्वी माझ्याकडे आली. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता 'संकटकाळातील नेतृत्व'. तिने दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा पंतप्रधान विन्स्टन चर्चिल निवडला होता. भाषण तिला तोंडपाठ होते. ती म्हणून दाखवत असतानाच माझ्याकडे बसलेले गावातले एक वयस्क गृहस्थ तिला थांबवत म्हणाले, "अगं पोरी, ज्यानं गांधीजींना आपल्या पुण्यात कोंडून ठेवलं, त्याचंच गुणगान गातेस होय?"

मुलीचा चेहरा उतरला. "आजोबा, मग विषय बदलू का?" तिने मला विचारले. मी म्हटले, "विषय बदलू नकोस. फक्त लंडनहून दिसणाऱ्या चर्चिलबरोबर पुण्यातून दिसणारा चर्चिलही सांग." तिला त्या दिवशी जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

चर्चिलची आणि पुण्याची गाठ तशी जुनी आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात एकवीस वर्षांचा हा घोडदळातला तरुण अधिकारी मुंबईच्या ससून डॉकवर उतरला. उतरताना त्याचा खांदा दुखावला आणि ते दुखणे त्याला जन्मभर पुरले. तिथून त्याची पलटण बंगळूरला जाताना पुण्यात मुक्कामाला थांबली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्याला गणेशखिंडीतल्या आपल्या बंगल्यावर जेवायला बोलावले. आज तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. मारुंजी-हिंजवडीहून वाकड, औंधमार्गे शहरात जाणारे आपण सगळे त्याच्या आवारावरून जातो. हिंदुस्थान म्हणजे आपल्या साम्राज्याचा मोठा ठेवा, ही त्याची समजूत त्या लष्करी दिवसांत घट्ट झाली आणि पुढे फारशी बदलली नाही.

आता १९४० मध्ये येऊ. १० मे रोजी चर्चिल पंतप्रधान झाला आणि त्याच दिवशी हिटलरच्या फौजा हॉलंड, बेल्जियममध्ये घुसल्या. दोन-तीन आठवड्यांत फ्रान्स कोलमडू लागला. ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकले. मुसोलिनीच्या मध्यस्थीने तहाची शक्यता तपासून पाहावी, असे परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांचे मत होते. हे मत भित्रेपणाचे नव्हते. त्या घडीला अनेक शहाण्या माणसांना तेच व्यवहाराचे वाटत होते. चर्चिल मात्र हटला नाही. २८ मे रोजी त्याने सगळ्या मंत्र्यांना एकत्र बोलावून लढण्याचा निर्धार सांगितला आणि त्यांना आपल्या बाजूला वळवले. ४ जूनपर्यंत डंकर्कहून सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक सुटून आले. तेव्हाही त्याने संसदेला बजावले की, माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत. लोकांपासून वाईट बातमी लपवायची नाही, पण त्यांना हातपायही गाळू द्यायचे नाहीत, ही त्याची रीत होती.

इथे रेडिओशी संबंधित एक गंमत सांगतो. त्या जूनमधल्या भाषणाचा चर्चिलच्या आवाजातला जो तुकडा आपण ऐकतो, तो १९४० चा नाही. भाषण संसदेत झाले, तिथे ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. आपण ऐकतो ते त्याने १९४९ मध्ये पुन्हा वाचून ध्वनिमुद्रित केलेले आहे.

नुसत्या भाषणांनी मात्र युद्ध चालत नाही. चर्चिलने पंतप्रधानपदाबरोबर संरक्षणमंत्रिपदही स्वतःकडे घेतले, म्हणजे निर्णय एका जागी व्हावेत. अधिकाऱ्यांनी लांबलचक टिपणे न लिहिता मुद्द्याचे तेवढेच थोडक्यात लिहावे, असा त्याचा आग्रह होता. तातडीच्या कागदावर 'आजच कार्यवाही करा' अशी लाल चिठ्ठी लागे. सेनाप्रमुखांशी तो रात्री-अपरात्री कडाक्याने भांडे. पण तिन्ही दलांचे प्रमुख एकमताने 'नाही' म्हणाले, तर तो सहसा त्यांना डावलत नसे. हिटलरपाशी असे ठामपणे 'नाही' म्हणणारे लोक उरलेच नव्हते. दोघांमधला हा फरक महत्त्वाचा. शिवाय चर्चिलला संसदेला उत्तर द्यावे लागे. १९४२ मध्ये सिंगापूर पडले, तोब्रुक पडले, तेव्हा जुलैत त्याच्यावर अविश्वासाचा ठराव आला. भर युद्धात त्यावर चर्चा झाली, मतदान झाले आणि ४७५ विरुद्ध २५ मतांनी तो टिकला.

आता पुण्याकडे वळू. त्याच १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणले गेले. नेहरू, पटेल, आझाद प्रभृती नगरच्या किल्ल्यात गेले. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसमध्येच वारले. नोव्हेंबरात चर्चिलने लंडनमध्ये जाहीरच केले की, ब्रिटिश साम्राज्य मोडीत काढण्यासाठी आपण पंतप्रधान झालेलो नाही.

१० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. वय त्र्याहत्तर, प्रकृती तोळामासा. त्यांची बिनशर्त सुटका करायला चर्चिल तयार नव्हता. उलट, गांधीजींच्या पाण्यात ग्लुकोज मिसळले जाते का, याची चौकशी त्याने व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे केली. तसा पुरावा मिळाला नाही. सरकारच्या या ताठरपणामुळे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तिघा भारतीय सदस्यांनी राजीनामे दिले. होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपल्या यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे हे ते तिघे. ३ मार्चला उपोषण पुरे झाले आणि गांधीजी वाचले. पण २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा त्याच वास्तूत गेल्या. त्यांची आणि महादेवभाईंची समाधी तिथे आहे. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले.

त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसे मेली. त्याची कारणे अनेक होती. ब्रह्मदेश जपानकडे गेल्याने तिथला तांदूळ बंद झाला होता, आदल्या वर्षी वादळ झाले होते, महागाई होती, साठेबाजी होती, आणि जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून किनारपट्टीवरचा तांदूळ व होड्या सरकारने काढून घेतल्या होत्या. दुष्काळ एकट्या चर्चिलने घडवला असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पण भारतमंत्री अ‍ॅमरी आणि व्हाइसरॉय धान्याची जहाजे मागत असताना लंडनच्या युद्धमंडळाने मागितल्यापेक्षा फार कमी दिले, आणि तेही उशिरा. १९४४ च्या एप्रिलमध्ये चर्चिलने अमेरिकेकडे जहाजे मागितली, ती मिळाली नाहीत. तोवर लाखो माणसे गेली होती.

हे मी सांगत होतो तेव्हा ते वयस्क गृहस्थ मान डोलवत होते. मग हळूच म्हणाले, "माझे चुलते मराठा पलटणीतून इटलीत लढायला गेले होते." त्यांची दुसरी बाजू तेव्हा मला कळली. इटलीतून हल्ला चढवावा, हा आग्रह मुख्यतः चर्चिलचा होता. त्या डोंगरदऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरे लढली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले आणि धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणले आणि शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले होते. ज्यांच्या स्वातंत्र्याला चर्चिलचा विरोध होता, तेच त्याच्या विजयाचे वाटेकरी होते.

मग या माणसाला म्हणावे तरी काय? मला वाटते, लंडनचा आणि पुण्याचा चर्चिल वेगळा नव्हताच. हिटलरपुढे न वाकणारा हट्ट आणि गांधीजींपुढे न वाकणारा हट्ट, दोन्ही एकाच स्वभावातून आले. फरक इतकाच की, १९४० मध्ये तो हट्ट आपले घर राखण्यासाठी होता आणि १९४३ मध्ये दुसऱ्याचे घर बळकावून ठेवण्यासाठी. लंडनमध्ये त्याला 'थांबा' म्हणणारी संसद होती, मतदार होते. भारतीयांच्या हाती त्याच्याविरुद्ध एकही मत नव्हते. नेत्याचा हट्ट कशासाठी आहे आणि त्याला अडवणारे कोणी आहे की नाही, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कोणाच्याही कणखरपणाला टाळ्या देऊ नयेत.

ब्रिटिश मतदारांनी हे आपल्या पद्धतीने दाखवले. जर्मनी शरण आल्यावर अवघ्या अडीच महिन्यांत, २६ जुलै १९४५ ला निवडणुकीचा निकाल लागला आणि चर्चिलचा पक्ष हरला. युद्धासाठी तो हवा होता, शांततेच्या काळासाठी त्यांनी अ‍ॅटलींना निवडले. दोन वर्षांनी त्याच अ‍ॅटलींच्या सरकारने भारतातली सत्ता सोडली.

त्या मुलीने विषय बदलला नाही. भाषणाच्या आदल्या रविवारी ती आईवडिलांबरोबर आगाखान पॅलेस पाहून आली. परतल्यावर तिने नवे भाषण आधी त्या गृहस्थांना म्हणून दाखवले. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "आता बोल खुशाल. फक्त माझ्या चुलत्याच्या पलटणीचं नाव गाळू नकोस."