बॉनेटखालचा दांडा : हौस असावी, पण मापात!

तंजावूरची मातीची बाहुली कितीही ढकला, डोलत डोलत पुन्हा ताठ उभी राहते. कारण साधे आहे, तिचे वजन बुडाशी असते. मोटारीचे भाग्य एवढे नाही. वेगात वळण घेतले की ती बाहेरच्या अंगाला कलते आणि आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. उपाय म्हणून हौशी मंडळी बॉनेटखाली ‘स्ट्रट ब्रेस’ नावाचा आडवा दांडा बसवून घेतात. त्याचा उपयोग किती?

थोडा फायदा, बराच गैरसमज

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात. अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना 1950 मध्ये फोर्ड कॉन्सलमध्ये आली. 1983 ते 2014 या काळात भारतात बनलेल्या मारुती 800 मध्येही पुढे हीच रचना होती. वळणावर दोन्ही खांबांची वरची टोके किंचित हलतात. दांडा त्यांना एकमेकांशी बांधतो, म्हणून स्टिअरिंग थोडे नेमके वाटते. गाडीचे कलणे मात्र कमी होत नाही. ते काम स्प्रिंग आणि अँटिरोल बारचे. झिजलेल्या बुशांवर किंवा गुळगुळीत टायरांवरही हे औषध नव्हे.

तमिळनाडूत मोटारशर्यतींची परंपरा जुनी आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर कमी खर्चाची शर्यतीची गाडी घडवली. पण शर्यत बंद ट्रॅकवर असते. घरच्या गाडीचा हिशेब वेगळा.

कणकेची युक्ती

खरी अडचण जागेची. एअर क्लीनर, ब्रेकच्या तेलाची डबी, बॅटरी यांच्या गर्दीतून दांडा न्यायचा असतो. इंजिन थंड असताना उंच भागांवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कणकेचे गोळे ठेवा, बॉनेट अलगद बंद करून उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. तेवढीच मोकळी जागा! त्यातही चालू इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलते, म्हणून दांड्याच्या खाली आणि वर बोटभर अंतर हवेच. जागेसाठी वाकवलेला दांडा सरळ दांड्याइतका ताठ राहत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दांडा बसवताना गाडी जॅकवर नव्हे, सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असावी. खांबाच्या मधला मोठा नट कधीही सैल करू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते. ती उसळली तर जीवावर बेतू शकते. नट कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळावेत आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावेत.

मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मर्यादा घातल्या आहेत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारलेले बरे. अपघातानंतर दावा अडला, तर दांड्याची हौस फार महाग पडेल.

आणि कणीक बोटभरही जाड उरली नाही, तर? दांड्याचे पैसे नव्या टायरांत घाला. वळणावर घरच्या माणसांना खरा आधार त्यांचाच असतो.