वाटपाचा कारभारी

अमेरिकेच्या दक्षिणेत विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांना शनिवारी एकेका स्टेडियममध्ये लाखभर माणसं जमतात. प्रशिक्षकांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. पण आपला संघ कुणाशी खेळणार, अजिंक्यपद कसं ठरणार आणि प्रक्षेपणाचे पैसे कुणाच्या पदरात पडणार, हे ज्याच्या कचेरीत ठरतं त्याचं नाव फार थोड्यांना सांगता येईल. १९९० ते २००२ या काळात साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे आयुक्त असलेले रॉय क्रेमर हे असेच एक गृहस्थ. या खेळाला आजचं रूप देण्यात कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे. कॉन्फरन्स चालवायची म्हणजे मुळात वाटप सांभाळायचं, हे त्यांना पुरतं उमगलं होतं.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. विद्यापीठांनी आपापसांत करार करून उभारलेली अशी मधली संस्था आपल्या पाहण्यात नाही. साउथईस्टर्न कॉन्फरन्स १९३२ साली टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल इथे स्थापन झाली, तेव्हा तिचे १३ सभासद होते. सभासद म्हणजे विद्यापीठं, आणि अंतिम अधिकार त्यांच्या अध्यक्षांकडे. आयुक्त हा पगारी माणूस. सहकारी साखर कारखान्यात कार्यकारी संचालकाची जी जागा, साधारण तीच त्याची: मालकी सभासदांची, ठराव संचालकांचे, पण कागद तयार करायचा आणि सगळ्यांना एका टेबलाशी आणायचं काम त्याचं. त्याच्या हाती हुकूम नसतो. विनवणी, हिशेब आणि नियमांचं वाचन एवढ्यावरच त्याला सगळं निभवावं लागतं.

नियमांच्या वाचनात क्रेमर यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनसीएए, हिच्या नियमावलीत एक तरतूद होती: १२ सभासदांची कॉन्फरन्स दोन गटांत विभागलेली असेल, तर त्या गटांच्या विजेत्यांमध्ये एक जादा सामना खेळवता येईल. ती मुळात खालच्या श्रेणीतल्या संघांसाठी आली होती. मोठ्या फुटबॉलमध्ये तिचा उपयोग कुणी केला नव्हता. क्रेमर यांच्या कॉन्फरन्समध्ये तेव्हा दहा विद्यापीठं होती; १९९० मध्ये आर्कन्सॉ आणि साउथ कॅरोलायना यांना घेऊन त्यांनी बाराचा आकडा गाठला. प्रशिक्षक नाराज होते. चांगल्या संघाने हंगामाच्या शेवटी आणखी एक कठीण सामना खेळायचा आणि राष्ट्रीय अजिंक्यपद गमवायचं, यात कसलं शहाणपण, असा त्यांचा सवाल होता, आणि तो गैरलागू नव्हता. डिसेंबर १९९२ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या पहिल्याच सामन्यात अलाबामाने फ्लॉरिडाला २८-२१ असं हरवलं. चौथ्या डावात फ्लॉरिडाने बरोबरी साधली होती. तिथे फ्लॉरिडाचा चेंडू अडवून अलाबामाने निकाल फिरवला. पुढे अलाबामाच राष्ट्रीय विजेता ठरला. निकाल उलटा लागला असता तर ही कल्पना तिथेच गाडली गेली असती. तसं झालं नाही, आणि इतर मोठ्या कॉन्फरन्सनी पुढे तीच वाट धरली.

सामन्यातून पैसा आला. सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीशी वेगळा करार झाला आणि तो १९९६ पासून लागू झाला. क्रेमर रुजू झाले तेव्हा कॉन्फरन्स सभासदांना वर्षाला सुमारे १.६ कोटी डॉलर वाटत असे; ते निवृत्त झाले तेव्हा हा आकडा साडेनऊ कोटींच्या घरात होता. माझ्या लेखी खरी गोष्ट या वाढीपुढे सुरू होते. हा पैसा बहुतांशी समान वाटला जात होता. नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट हे फुटबॉलमध्ये कायम तळाशी असणारं खासगी विद्यापीठ. त्यालाही जवळजवळ अलाबामाइतकाच वाटा मिळे. आयुक्त होण्याआधी क्रेमर बारा वर्षं याच व्हँडरबिल्टचे क्रीडासंचालक होते. दुबळ्या सभासदाच्या खुर्चीतून हिशेब कसा दिसतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याआधी मिशिगनमध्ये प्रशिक्षक म्हणून सेंट्रल मिशिगनला त्यांनी १९७४ मध्ये दुसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं, म्हणजे मैदानही त्यांना परकं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारं दूरचित्रवाणीने घडवलं. क्रेमर नसते तर दुसऱ्या कुणी केलं असतं. यात तथ्य आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि बाजार खुला झाला. पण तो सगळ्यांनाच खुला झाला होता. बिग ट्वेल्व्ह या शेजारच्या कॉन्फरन्सने प्रक्षेपणाच्या पैशाचा मोठा भाग पडद्यावर किती वेळा दिसलात त्या हिशेबाने वाटला. २०११ मध्ये नेब्रास्का आणि कोलोरॅडो तिथून बाहेर पडले. पाठोपाठ मिझुरी आणि टेक्सस ए अँड एम तिथूनच साउथईस्टर्नमध्ये आले. वाटप हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण त्यातून आलेला अविश्वास प्रत्येक वाटाघाटीत डोकं वर काढत होता.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पश्चिम किनाऱ्याच्या पॅक-१२ नेही समान वाटप केलं होतं, तरी २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलएने निघण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी आणखी आठ विद्यापीठांनी बाहेरचा रस्ता धरला. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढे दोघे उरले. याचं उत्तर टाळता येणार नाही: समान वाटा त्यासाठी थांबावं इतका मोठा असेल तोवरच तो सभासदांना बांधून ठेवतो. पॅक-१२ ने स्वतःची वाहिनी काढली, पण मोठ्या वितरकांपैकी डायरेक्टटीव्हीवर ती कधी पोचलीच नाही, त्यामुळे वाटाच तोकडा पडला. मिळकत वाढवणं आणि ती समान वाटणं या दोन्हींचं ओझं एकाच माणसावर येतं. म्हणूनच ही नोकरी अवघड आहे.

क्रेमर यांच्या कामाची काळी बाजूही आहे. आर्कन्सॉ आलं ते साउथवेस्ट कॉन्फरन्स सोडून, आणि १९१४ पासूनची ती जुनी संस्था १९९६ मध्ये संपली. दोन अव्वल संघांत निर्णायक सामना लावण्यासाठी १९९८ मध्ये क्रेमर यांच्या पुढाकाराने मतदान आणि संगणकी क्रमवारी यांची सांगड घालणारी बीसीएस पद्धत आली. २००१ च्या हंगामात कोलोरॅडोकडून ६२-३६ असा मार खाल्लेल्या, स्वतःच्या कॉन्फरन्सचं अजिंक्यपदही न मिळवलेल्या नेब्रास्काला तिने अंतिम सामन्यात नेऊन बसवलं. ही टीका मला पूर्ण मान्य आहे. त्याहून मोठी उणीव मात्र वाटपाच्या तक्त्यातच होती. विद्यापीठांचे वाटे डॉलरपर्यंत मोजले जात होते, पण ज्यांच्या अंगमेहनतीवर ते पैसे येत त्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही नव्हतं. क्रेमर यांनी ही व्यवस्था निर्माण केली नव्हती, पण तिच्यावर उभ्या राहिलेल्या संपत्तीचे ते कारभारी होते, आणि तो प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत टेबलावर आला नाही.

तो आणला न्यायालयांनी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना देता येऊ लागली. ती फुटबॉलपटूंना किती, पोहणाऱ्या मुलींना किती, हे आता प्रत्येक विद्यापीठाला ठरवावं लागतं. टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यापासून साउथईस्टर्नचे सोळा सभासद झाले आहेत; श्रीमंत सभासद या मर्यादेपर्यंत सहज जातील, बाकीच्यांना ओढाताण करावी लागेल, आणि ती तफावत कॉन्फरन्सच्या समान वाट्यातून किती भरून काढायची, हे आजच्या आयुक्ताला सभासदांच्या अध्यक्षांकडून मंजूर करून घ्यावं लागणार आहे.