जन्मजात दुखण्याला पहिले सहा महिने सुट्टी

१९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांना एक कोडं पडलं. सिकलसेलचा दोष घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी फारच थोड्या सापडत. आजार जन्मजात, मग बाळ सुरुवातीला ठणठणीत कसं? त्यांचा तर्क असा की, पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन निराळं असतं आणि तेच त्याला सांभाळत असावं.

तर्क अचूक होता. हे गर्भातलं हिमोग्लोबिन साधारण सहा महिन्यांत ओसरतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. सिकलसेलमध्ये या दुसऱ्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं एक, फक्त एक, अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने ऑक्सिजन सोडताच रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठरते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडं ठणकू लागतात.

काही मोजक्या लोकांत मात्र गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकतं. त्यांना त्रास कमी. मग बाकीच्यांत ते बंद कोण करतं? २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या संशोधनातून उत्तर आलं: बीसीएल-११-ए हे जनुक.

आता खरी करामत. क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्रावर आधारलेल्या 'कॅसजेवी' उपचारात बिघडलेल्या जनुकाला हातच लावत नाहीत! रुग्णाच्या मूळपेशी काढून त्यांतल्या चांगल्या चालणाऱ्या बीसीएल-११-ए ला कात्री लावतात. तीही अख्ख्या जनुकाला नाही, कारण शरीरात इतरत्र त्याची गरज असते. लाल पेशी घडताना त्याला जोर देणारा डीएनएचा एक छोटा तुकडा आहे, तेवढाच निकामी करायचा. मग केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करून या पेशी परत सोडतात. अमेरिकेतल्या मान्यतेपूर्वीच्या चाचणीत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर एकही तीव्र वेदनेचा झटका आला नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये. वॉटसन यांच्या निरीक्षणाला तेव्हा ७५ वर्षं झाली होती.

अमेरिकेतली किंमत? २२ लाख डॉलर. सिकलसेलचे बहुतेक रुग्ण आफ्रिकेत आणि भारतात आहेत, हे लक्षात घेतलं की हा आकडा संतापजनक वाटतो.

पण गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवण्याचा एक स्वस्त मार्गही आहे: हायड्रॉक्सियुरिया. मूळचं कर्करोगाचं हे औषध जनुक बदलत नाही, आजार मुळातून घालवत नाही, पण झटके कमी करतं. विदर्भ-खानदेशात तुमच्या घरी कुणी 'एसएस पॅटर्न'चं, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, असेल आणि डॉक्टरांनी ते सुरू केलं असेल, तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.