पत्रिकेतील गणित आणि वाक्य

आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या दक्षिणेस वसला आहे. तेथे तेलुगू आणि मराठी शेजारी नांदतात, आणि त्यांच्यासमवेत ज्योतिषाच्या भिन्न परंपराही. विवाहासाठी संगणकावर काढलेल्या पत्रिकेत हा भेद विशेष जाणवतो.

अशा पत्रिकेचे दोन भाग असतात. जन्मवेळ, जन्मस्थळ व अयनांश दिले की ग्रहस्थाने संगणक गणिताने काढतो. फलादेश मात्र गणितातून निघत नाही. अमुक ग्रह अमुक स्थानी असता अमुक वाक्य छापावे, असा नियम कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. कित्येक सॉफ्टवेअरमध्ये ही वाक्ये ज्योतिषाला बदलता येतात.

मंगळाचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात सामान्यतः १, ४, ७, ८ व १२ ही स्थाने दोषाची मानतात. दक्षिणेत पुष्कळ जण दुसरेही धरतात. म्हणजे द्वितीयस्थानी मंगळ असलेली कन्या एका घरी निर्दोष, तर दुसऱ्या घरी मंगळाची ठरते! शिवाय १२ पैकी ५ स्थाने दोषाची म्हटली, तर ढोबळ मानाने १०० पत्रिकांपैकी ४० हून अधिक पत्रिकांवर तेच कठोर वाक्य उमटणार. स्वराशीतील वा उच्चीचा मंगळ हे परंपरेनेच सांगितलेले अपवाद त्यात बहुधा गळालेले असतात.

यास्तव वाक्य सुधारताना नियम कोणत्या परंपरेचा ते लिहावे, अपवाद तेथेच जोडावा आणि मूळ मजकूर जपून बदलाची तारीख नोंदवावी. छापील वाक्यास यंत्राचा निर्णय समजून एखादे स्थळ मोडण्यापूर्वी, ते कोणा माणसाने लिहिले आहे, हे वधूवरांच्या वडीलधाऱ्यांस कळलेच पाहिजे.