मूल द्वाड की खाऊ रंगीत?

वाढदिवसाहून परतलेले मूल रात्री झोपत नाही, आदळआपट करते. आम्ही त्याला द्वाड ठरवून लगेच हात उगारतो. त्याने काय खाल्ले, हे मात्र आम्ही विचारीत नाही.

इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठाने ३ आणि ८-९ वर्षांच्या सुमारे ३०० मुलांना कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट घातलेले पेय देऊन पाहिले. काही मुलांचा चंचलपणा वाढला. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या खाऊवर इशारा छापावा लागतो. त्यांतला पिवळा टार्ट्राझिन म्हणजेच ई-१०२.

सर्वच मुलांना हे बाधते असे नाही. म्हणून दोन आठवडे वहीत लिहून ठेवावे: काय खाल्ले, केव्हा खाल्ले, मूल कसे वागले. ती वही डॉक्टरांना दाखवावी. दूध, पाव मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मुलाची वाढ खुंटेल.

मॉरिशसच्या आपल्या घरांत गणेशचतुर्थीचे मोदक आम्ही हौसेने करतो. वाढदिवसालाही घरचा खाऊ आणि लिंबाचे सरबत का नसावे? दुकानातले पाकीट घेताना त्यावरील बारीक अक्षरे आधी वाचू या. मुलाला रागावणे मग पाहू.