मोत्या बरोबर निघतो तेव्हा

उत्रोली हे भोरजवळचे गाव. या तालुक्यात डोंगर पुष्कळ आणि पाणीही पुष्कळ. वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. ते इंग्रजांच्या अमदानीत, १९२८ च्या सुमारास पुरे झाले. नीरा नदीवर देवघरचे धरण आहे, ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले. या दोन्ही धरणांचे पाणी डोंगरांच्या घड्यांत लांबवर शिरलेले आहे. त्याच्या काठाकाठाने पायवाटा जातात. कोणी त्या वाटेने लेकीच्या गावाला जातो. कोणी गुरे पाहायला जातो. सुटीत शहरातून आलेली नातवंडे नुसती हिंडायला जातात. आणि आपण पायांत वहाणा सरकवल्या, की ओट्यावरचा मोत्या उठतोच.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याला बरोबर नेण्यात शिकायचे ते काय? तो आपला मागे येतो! अहो, तिथेच तर घोटाळा होतो. तो मागे येत नाही. तो पुढे जातो. वळणापलीकडे काय आहे, ते आपल्या आधी त्याला भेटते.

पहिली गोष्ट सुईची. वाटेत चार वस्त्या लागतात. प्रत्येक वस्तीची कुत्री वेगळी. ती अंगावर येतात, चावाचावी होते. त्यांतले एखादे पिसाळलेले असेल तर? पिसाळण्याचा रोग लाळेतून येतो. चाव्याच्या जखमेतून तो आत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. तिथे पोचायला त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर सारे ठीक दिसते. पण एकदा लक्षणे दिसू लागली, की मग माणूस काय आणि कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून मोत्याला आधीच लस टोचून घ्यावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस. पुढची कधी, ते गुरांचे डॉक्टर सांगतील. त्यानंतर दरसाल एक. डॉक्टर एक कार्ड देतात. त्यावर पुढची तारीख लिहिलेली असते. ती तारीख आता तुम्हांला वाचता येते. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाभोवती गोल काढून ठेवा.

आणि माणसाला कुत्रे चावले तर? तर आधी जखम धुवायची. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटे म्हणजे चांगला वेळ झाला. घाई करू नये. जखमेवर चुना, तिखट, हळद, तेल काही लावू नये. घट्ट बांधू नये. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे फुकट मिळते. चावा खोल असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचतात. नुसते नख लागून रक्त आले, किंवा ओल्या जखमेला कुत्र्याने चाटले, तरी जावे. आपलेच कुत्रे आहे म्हणून घरी बसू नये.

पुष्कळ जण जात नाहीत. का? तर म्हणे, पोटात चौदा सुया टोचतात! ही भीती अजून गावोगाव आहे. पूर्वी टोचत, हे खरे. ती जुन्या तऱ्हेची लस होती. २००४ च्या अखेरीस ती आपल्या देशात बंद झाली. आता चार-पाच वेळा जावे लागते आणि सुई दंडावर टोचतात. पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, असे दिवस ठरवून देतात. त्यांतला एकही चुकवू नये. या रोगावरची लस फ्रान्स देशातल्या लुई पाश्चर यांनी शोधली. १८८५ साली त्यांनी ती पहिल्यांदा नऊ वर्षांच्या एका मुलाला दिली. त्याला पिसाळलेले कुत्रे चौदा ठिकाणी चावले होते. तो मुलगा वाचला.

दुसरी गोष्ट दोरीची. ही आम्ही स्वतः शिकलो, आणि शिकताना मान खाली घालावी लागली.

दिवाळीनंतरचे दिवस होते. देशावरचे धनगर या सुमाराला मेंढरे घेऊन कोकणाच्या अंगाला निघतात. भोरवरून वरंधा घाटाची वाट त्याच बाजूला उतरते. आम्ही धरणाच्या काठाने चाललो होतो. मोत्या मोकळा होता. दोरी पिशवीत होती! एक उंचवटा चढलो, तो खाली कापलेल्या रानात मेंढरे बसलेली. मोत्या सुटला. त्याला खेळायचे होते. मेंढरांना ते काय ठाऊक? सारा कळप उठला आणि पाण्याकडे धावला.

"पाव्हणं, कुत्रं धरा! आदी कुत्रं धरा!" धनगर ओरडला.

आम्ही धरणार कसे? तेवढ्यात त्याचा स्वतःचा कुत्रा आला. मोठा, काळा, बोलायचे काम नाही. त्याने मोत्याची मान पकडली. धनगराने काठी मध्ये घातली म्हणून सुटका झाली. मोत्याचा कान फाटला होता. आम्ही माफी मागितली.

धनगर म्हणाला, "तुमचं कुत्रं वाईट न्हाई, दादा. पर ह्यांत गाभण मेंढ्या हायेत. अशी पळाली की गाभडती. माझं वरीस जातंया."

एका मेंढीचे कोकरू म्हणजे त्याच्या घरचे पैसे. आमच्या मोत्याचा खेळ झाला असता आणि त्याचे वर्ष गेले असते. तेव्हापासून वस्ती दिसली, गुरे दिसली, मेंढरे दिसली, की दोरी गळ्यात. उन्हाळ्यात तर काठावरही दोरी हवी. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते. आपल्याला ती दिसत नाहीत. कुत्र्याला वासाने सापडतात.

उन्हाचे असे आहे, की कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून तो धापा टाकतो, तोच त्याचा घाम. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघावे आणि ऊन चढण्याआधी सावली गाठावी. कातळावर हाताचा मागचा भाग पाच-सहा सेकंद ठेवून पाहा. तुम्हांला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसतो, त्याला वहाणा कुठल्या? धापा थांबेनात, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर जागीच थांबावे. सावलीत निजवावे. पोटावर, मांड्यांवर पाणी ओतावे, वारा घालावा, घोटघोट पाणी पाजावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

पाण्यापाशी आलो म्हणजे काळजी मिटली असे मात्र नाही. वैशाखात धरण ओसरते. एरवी पाण्याखाली असलेली जुनी देवळेसुद्धा तेव्हा उघडी पडतात. ती पाहायला माणसे जातात. पण काठचा गाळ फसवा असतो. वरून भेगाळलेला, आत ओला. कुत्रा पोटापर्यंत रुततो, आणि त्याला काढायला गेलेला माणूसही रुततो. कडेच्या डबक्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसला, तर ते पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये. असा तवंग कधीकधी विषारी असतो. घरून बाटली न्यावी, ते बरे.

दिवस मावळायच्या आत घरी यावे. बिबट्याला कुत्रे आवडते, हे आपले लोक पहिल्यापासून सांगत आले आहेत. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून हेच मोजले. २०१४ साली ते छापून आले. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शंभरात सुमारे चाळीस! अंधारात मोत्या एकाएकी पायांत घोटाळू लागला आणि पुढे जाईना, तर त्याला रागावू नका. त्याला काहीतरी कळले आहे. मोठ्याने बोलत माघारी फिरा.

आणखी एक. रोहिडा, राजगड असे गड चढायला येणारी पोरे पायथ्याच्या गावातल्या कुत्र्याला बिस्किटे घालतात. तो बिचारा मागे मागे गडावर जातो. पोरे दुसऱ्या बाजूने उतरतात आणि गाडीत बसून निघून जातात. कुत्रा परक्या गावात राहतो. धर्मराजाने आपल्या मागे आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात बसायला नकार दिला होता. आपल्याला स्वर्गात जायचे नाही, एस.टी.त बसायचे आहे, म्हणून आधीच बिस्किटे घालू नयेत.

घरी आल्यावर मोत्याला दिव्याखाली घ्यावे. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत गोचीड पाहावेत. गोचिडाने कुत्र्याला ताप येतो. त्यावर घासलेट ओतू नये, विडीचा चटका देऊ नये. चिमट्याने अगदी कातडीलगत धरावा आणि सरळ ओढून काढावा. तळव्यांत काटा आहे का, तेही बघावे. आमचा मोत्या या वेळी पाय हिसडतो आणि मग तसाच झोपी जातो. फाटलेला कान अजून तसाच आहे.